आधी कूलर हलवा, मग खोल्या काढू

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे, सोबत 11 फोटो. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देतो.

"आमचा वाडा मामंजींच्या आजोबांनी बांधला. जोत्यापर्यंत काळा दगड, त्यावर पिवळसर घडीव दगडाच्या दोन फूट जाड भिंती, वरचा मजला सागवानी आणि माथ्यावर कवेलू (कौलं). रस्त्याकडच्या भिंतीचा दगड काही वर्षांपासून पिठासारखा गळतो, पांढरा खार येतो. 2011 साली सगळ्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून घेतल्या, तरी थांबलं नाही. मागच्या भिंतीला खिडकीपासून तिरका तडा गेला आहे. मामंजी 84 वर्षांचे आहेत, त्यांना जिना होत नाही. मुलाचं लग्न पुढच्या वैशाखात आहे. दोन खोल्या आणि खाली एक न्हाणीघर हवंच. ठेकेदार म्हणतात, वरचा मजला उतरवा, स्लॅब टाका, त्यावर खोल्या काढा आणि भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करा. धाकटे दीर पुण्याला असतात. ते म्हणतात, दगडी घरं भूकंपात आधी पडतात, पाडून फ्लॅट करू. मामंजी म्हणतात, मी असेपर्यंत एक दगड हलणार नाही. मी मधल्यामधे. हा वाडा राखायचा म्हणते तो माझा वेडेपणा आहे का?"

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, हा वेडेपणा नाही. वाडा पाडावा असं एकही कारण मला तुमच्या पत्रात किंवा फोटोंत दिसलं नाही. ठेकेदार सांगतात ते केलंत, तर मात्र काही वर्षांत तशी कारणं तयार होतील. म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सातवा फोटो खिडकीची कोरीव चौकट दाखवायला पाठवलाय. माझी नजर त्या खिडकीखालच्या कूलरवर गेली. लोखंडी स्टँडवर कूलर, त्याची पाठ भिंतीला टेकलेली, आणि टाकीच्या कोपऱ्यातून ओघळलेल्या पाण्याची हिरवट-काळी रेघ जोत्यापर्यंत उतरलेली. दगड सगळ्यात जास्त गळलाय तो नेमका त्या रेघेच्या दोन्ही अंगांना. खिडकीच्या वर, छपराच्या सावलीत, त्याच खाणीतला आणि त्याच वयाचा दगड अजून इतका शाबूत आहे की त्यावरचे छिन्नीचे घाव मोजता येतात. वयाने दगड गळत असता तर वरचा आणि खालचा सारखाच गळला असता.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चार महिने रात्रंदिवस चालतो. बहुतेक घरांत त्यात बोअरचं पाणी असतं, आणि ते जड, क्षारांचं. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि टाकीतलं उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. तेच पाणी तुमच्या भिंतीत मुरतं. तुमचा पिवळसर दगड फोटोंवरून मला कामठीकडच्या वालुकाश्मासारखा दिसतो. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा कातळ आहे, उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म. जुन्या बांधणाऱ्यांना दोघांचे स्वभाव ठाऊक होते. काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून तो खाली, जोत्याला. वालुकाश्म घडवायला सोपा, दिसायला देखणा, पण पाणी पिणारा, म्हणून तो वर, ओलीपासून लांब. आपल्या रेल्वे स्टेशनची 1925 साली सुरू झालेली इमारत सावनेरच्या वालुकाश्माची आहे आणि हायकोर्टाची 1940 सालची इमारतही वालुकाश्माचीच. दगड लेचापेचा नाही. त्याला फक्त सतत भिजत ठेवायचं नसतं.

आता सिमेंटच्या दरजांकडे येऊ. खरं नुकसान तिथे झालंय. दगडी भिंतीत ओल कुठून ना कुठून शिरतेच. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे आत आलेली ओल दरजांतून बाहेर निघून जाते. खार धरला तर तो दरजेतल्या चुन्यावर धरतो, चुना झिजतो, वीस-पंचवीस वर्षांनी दरजा नव्याने भरल्या की झालं. झीज चुन्याने सोसायची, दगडाने नाही, अशी ती वाटणी होती. तुम्ही दरजेत सिमेंट भरलंत आणि ओलीचा तो रस्ता बंद झाला. मग ती दगडातूनच बाहेर यायला लागली. पाणी उडालं, क्षार दगडाच्या कातडीच्या जरा आत स्फटिक होऊन बसले, फुगले आणि कातडी आतून ढकलायला लागले. लोणा लागला म्हणतात तो हाच.

हे मी माझ्या मामांच्या घरी पाहिलंय. धंतोलीतलं घर, असाच पिवळा दगड. एका ठेकेदाराने सगळ्या दरजा सिमेंटने उठावदार भरून दिल्या, वर सुबक रेघा ओढल्या. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि मला ते काम फार आवडलं होतं. सहा-सात वर्षांनी गेलो तेव्हा चौकटीसारखं सिमेंट तसंच पुढे उभं होतं आणि मधला दगड बोटभर आत गेलेला. मी नखाने सहज खरवडलं तर पापडाएवढा पापुद्रा हातात आला, त्याची आतली बाजू पांढरी, जिभेला खारट. मामी रोज सकाळी ओसरी झाडायची तेव्हा केरात भिंतच असायची. त्या दिवसापासून जुन्या दगडावर सिमेंट लावायला कोणी निघालं की मला गप्प बसवत नाही. तुम्ही 2011 साली जे केलंत त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तेव्हा सगळे तेच करत होते, आजही करतात.

म्हणून ठेकेदारांच्या बाहेरून गिलाव्याला सरळ नाही म्हणा. त्याने आत्ता दरजांचं झालंय ते सगळ्या भिंतीचं होईल, आणि गिलाव्याआड काय चाललंय ते दिसणारही नाही. 'दगडाला पारदर्शक वॉटरप्रूफ कोटिंग मारू' असंही कोणी सुचवेल. तेही नको, ओल आतच कोंडेल.

मग करायचं काय? आधी पाणी. आत्ता मे महिना आहे, बाहेर 45 अंश आहे आणि घरात 84 वर्षांचे मामंजी आहेत, तेव्हा कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. कूलर भिंतीपासून दोन-तीन फूट दूर, स्वतःच्या स्टँडवर ठेवा आणि वारा डक्टने खिडकीतून आत घ्या. खाली ट्रे बसवा, ट्रेची नळी गटारापर्यंत न्या. त्यात बोअरचं नको, नळाचं पाणी घाला. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, म्हणजे क्षार साठणार नाहीत. चौकाकडच्या लाकडी खिडकीत हलवता आला तर सगळ्यात उत्तम.

दुसरं पाणी रस्त्याचं. तिसऱ्या फोटोत दिसतंय की समोर सिमेंटचा रस्ता झाला आणि तो तुमच्या ओट्याच्या पायरीएवढा वर आलाय. मामंजींच्या आजोबांनी जोतं उंच ठेवलं होतं, आपण रस्ता उचलून ते बुटकं केलं. नागपुरात गल्लोगल्ली हे झालंय. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि पाणी लोकांच्या घरांत शिरलं, तेव्हा जोत्याची उंची म्हणजे काय ते पुष्कळांना कळलं. रस्ता तुमच्या हातात नाही, पण तुमच्या हद्दीत भिंतीला चिकटवून लावलेले पेव्हर आणि कोबा काढणं हातात आहे. भिंतीलगत फूटभर पट्टी मोकळी करून त्यात खडी भरा आणि उतार भिंतीपासून दूर द्या. नाली खोल खणू नका, पाया उघडा पडेल. छपराची पन्हळ जिथे उतरते तिथलं पाणी पाइपने लांब न्या. नवव्या फोटोत पन्हळीचं तोंड मागच्या भिंतीच्या पायाशीच उघडलंय, आणि तिरका तडा त्याच कोपऱ्यात आहे. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

तड्याचं मात्र फोटोवरून ठरवू नये. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पायाखाली ती असेल तर भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. एका कोपऱ्यात पन्हळीचं पाणी मुरत असेल आणि बाकी जमीन कोरडी असेल, तर तो कोपरा वेगळा हलतो आणि तडा जातो. तडा जिवंत आहे की जुना, मेलेला, हे पाहायची पद्धत सोपी आहे. खिडकीच्या काचेची दोन-तीन इंच लांब पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की करायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. तड्याच्या वर, मधे, खाली अशा तीन पट्ट्या लावा. भिंत हलली की काच तडकते. शिवाय तड्याची रुंदी दर महिन्याला मोजून वहीत लिहा. मे अखेर जमीन सगळ्यात कोरडी, सप्टेंबरमध्ये सगळ्यात ओली. ही दोन टोकं हातात आली की इंजिनिअरला अंदाजाने बोलावं लागत नाही. पट्ट्या वर्षभर राहू द्या. तोवर तड्यात काहीही भरू नका.

गळणाऱ्या भिंतीवर आलेला खार कोरड्या मऊ ब्रशने झाडा, खाली कागद धरा आणि तो केर घराबाहेर टाका. धुऊ नका. धुतला की विरघळून परत आत जातो. भिंत पुरेशी कोरडी झाली की साध्या कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर थापायचा आणि वाळला की काढून फेकायचा. वाळताना तो क्षार ओढून घेतो. दोन-चार वेळा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण उपयोग होतो. आतल्या खोल्यांत कमरेपर्यंत ऑइलपेंट असेल, जुन्या घरांत बहुधा असतोच, तोही खरवडून काढा आणि तिथे चुन्याची सफेदी द्या.

दरजांचं काम दसऱ्यानंतर, पावसाळा सरल्यावर. सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं, हळूहळू. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि दरज कायमची रुंद होते. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करायची, धूळ झाडायची, ओली करायची आणि मग चुन्याचा माल भरायचा. जुना माल जिथे शाबूत असेल तिथला लिंबाएवढा तुकडा वहीच्या कागदात बांधून ठेवा. तो कुटून त्यातली वाळू किती जाड, किती बारीक, विटेचा लाल चुरा आहे का, हे पाहून नवा माल जुळवता येतो. सुरखी, म्हणजे हाच विटेचा चुरा, घातली तर चुना ओलीतही धरतो. बेलाचा गर, गूळ, मेथी, हिरडा वगैरे घालायची जुनी रीत आहे आणि त्यामागे अनुभव आहे. पण चुना चांगला विरवलेला, म्हणजे पाण्यात मुरवलेला, आणि वाळू स्वच्छ नसेल तर बेलफळ काही करू शकत नाही. भरल्यावर दहा-बारा दिवस ओलं बारदान लावून ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो आणि त्याला मधे थोडी ओल लागते. मे महिन्यात लावला तर दुपारपर्यंतच कोरडा ठक्क होऊन हाताने निघेल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच त्याचा हंगाम.

जो दगड फार आत गेलाय तोच फक्त बदला. बाकीच्यांना त्यांच्या सुरकुत्यांसकट राहू द्या. नवा चिरा बसवताना पाथरवटाला एक गोष्ट विचारा, थर कोणत्या अंगाने आहेत? वालुकाश्म थरांचा असतो. खाणीत जसा निजलेला होता तसाच भिंतीत निजवावा. थर उभे करून बसवला तर वहीच्या पानांसारखा सुटत जातो. ज्याला हा प्रश्न कळला तो पाथरवट ठेवा.

दिरांची भूकंपाची भीती मी उडवून लावणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत जे झालं त्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बहुतेक जाड दगडी भिंतींखालीच गेली. पण तिथे काय चुकलं होतं ते पाहावं. ती भिंत मुळात दोन पातळ भिंती होत्या, बाहेरची आणि आतली, आणि मधे मातीत भरलेले लहान-मोठे गोटे. दोघींना बांधून ठेवणारा आरपार दगड, मिस्त्री ज्याला हेडर म्हणतात, तो नव्हता. डोक्यावर मातीचं जड धाबं. हादरा बसला, दोन पदर सुटले आणि धाबं खाली आलं. तुमच्या डोक्यावर लाकूड आणि कवेलू आहेत, म्हणजे वजन हलकं, आणि नागपूर भूकंपाच्या नकाशात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलं गेलंय. तरी 1997 चा जबलपूरचा भूकंप इथे जाणवला होता, म्हणून निष्काळजी राहू नये. तुमच्या भिंतीत हेडर आहेत का ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. नसतील तर किल्लारीनंतर गावोगाव केलं तसं करता येतं. साधारण मीटरभर अंतरावर काळजीपूर्वक आरपार भोक मोकळं करून त्यात आकडेवाली सळई आणि काँक्रीट भरतात, आणि भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंना बांधून घेणारा पट्टा देतात. या एवढ्या जागी सिमेंट मला चालतं. दिरांना हे वाचायला द्या.

आणि हेही द्या. ठेकेदार लाकडी मजला उतरवून स्लॅब टाकायचं म्हणतात. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. 12 बाय 12 च्या एका खोलीचा स्लॅब म्हणजे चार टन, त्यावर विटांच्या भिंती, फरशी, पाण्याची टाकी, माणसं. हे सगळं ज्या भिंतीला आधीच तडा गेलाय तिच्या डोक्यावर. भूकंपाची काळजी असणाऱ्या माणसाने करू नये असं यापेक्षा दुसरं काही मला सुचत नाही.

नव्या खोल्या हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. घरात सून येणार, म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि वाडा काही संग्रहालय नाही. पण त्या वर नाही, मागे. तुम्ही परसात विहिरीच्या अलीकडे मोकळी जागा दाखवलीय, ती पुरेल. तिथे खाली मामंजींची खोली आणि न्हाणीघर, वर मुलाची खोली. हा भाग पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा असू द्या. जुन्या भिंतीत एकही तुळई घुसवायची नाही, एकही सळई ठोकायची नाही. दोघांत दोन इंचांची फट ठेवायची आणि वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची वळचण घालायची. नवं घर पहिली काही वर्षं बसतं, जुनं कधीचंच बसून झालेलं असतं. दोघांना एकमेकांत बांधलं की सांध्यावर तडा ठरलेला.

पायाचा खड्डा जुन्या भिंतीलगत तिच्या पायापेक्षा खोल नको. जितकं जास्त खोल जायचं असेल तितकं तरी भिंतीपासून लांब सरकायचं. काळी माती निघाली तर अंडर-रीम्ड पाइल्स घ्या. तळाशी फुगवटा असलेले हे खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले. मातीचा हलणारा वरचा थर सोडून ते खालच्या स्थिर थरात पाय रोवतात, आणि जेसीबीने मोठा खड्डा खणून जुन्या भिंतीचा आधार काढावा लागत नाही.

नव्या भागात जायला दार लागेल. त्यासाठी भिंत फोडू नका. मागच्या भिंतीतल्या तीन खिडक्यांपैकी तड्यापासून सगळ्यात लांबची निवडा आणि तिच्या खालचा भाग, खिडकीच्या बैठकीपासून जमिनीपर्यंत, तेवढाच उतरवा. रुंदी तीच, वरची कमान तीच. भिंतीचा भार कमानीवरून दोन्ही बाजूंना उतरतो, खिडकीखालच्या दगडांवर जवळजवळ काहीच नसतो. निघालेले चिरे जपून ठेवा, रस्त्याकडच्या भिंतीत बदलायला तेच लागतील. मामंजींना मात्र हे आधी नीट समजावून सांगा.

आणि घरातलं ओलं काम सगळं नव्या भागात न्या. न्हाणी, संडास, धुणं, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघराचं सिंकसुद्धा जमलं तर. जुन्या भिंतीत एकही पाण्याचा पाइप लपवू नका. तुमच्या ठेकेदारांच्या नकाशात न्हाणीघर माजघराच्या कोपऱ्यात, दगडी भिंतीला लागून होतं. ते रद्द करा.

नवा भाग कसा दिसावा यावर मतं वेगवेगळी असतात. माझं मत, दगडाची नक्कल करू नये. वर पिवळ्या टाइल्स चिकटवून 'वाड्यासारखं' केलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. साधी वीट, चुन्याचा गिलावा, उतरतं छप्पर, आणि उंची जुन्या वळचणीच्या खाली. तेवढं पुरे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. दिरांचं नाव असेल तर त्यांच्या सहीशिवाय नकाशा पुढे सरकणार नाही. जमीन नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली असेल तर भाडेपट्ट्याची मुदत तपासा. मनपाच्या नगररचना विभागात दोन गोष्टी विचारा, विकास आराखड्यात तुमच्यावर रस्ता रुंदीकरणाची रेघ आहे का, आणि वाडा हेरिटेज यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत. यादीत असेल तर हेरिटेज समितीची परवानगी लागते. लोक घाबरतात, पण पहिल्या श्रेणीसारखा कडक नियम सगळ्यांना नसतो, खालच्या श्रेणीत मागे जोडबांधकाम मान्य होऊ शकतं. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि पुढच्या 200 मीटरपर्यंतही परवानगी घ्यावी लागते. हे आधी कळलेलं बरं. इंजिनिअर शोधताना जुन्या वास्तू जपणाऱ्या इनटॅक संस्थेच्या नागपूर शाखेत किंवा नागपूरच्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या आर्किटेक्चर विभागात विचारा. त्या इंजिनिअरने चुन्यात केलेलं एखादं काम प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि तिथल्या घरमालकांशी बोला.

दिरांशी फोनवर भांडू नका. त्यांना चार दिवस बोलवा. फ्लॅटचं त्यांच्या डोक्यात आहे तर एखाद्या आर्किटेक्टकडून लेखी काढून घ्या की तुमच्या गल्लीच्या रुंदीवर प्रत्यक्षात किती बांधकाम मंजूर होईल. अरुंद गल्लीत ते पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा बरंच कमी निघतं. त्यांचा हिस्सा खरा आहे, तो मान्य करूनच बोला. वर सागवानी मजल्यावरची रस्त्याकडची खोली त्यांची म्हणून राखता येईल, किंवा हिश्श्याची रक्कम ठरवून रीतसर लिहून घेता येईल. तुमच्या पत्रात तुमचे यजमान कुठेच बोलत नाहीत, ताई. हे बोलणं त्यांनी करायला हवं, तुम्ही नाही.

मामंजींना या कामात घ्या. 'एक दगड हलणार नाही' म्हणणाऱ्या माणसाला खरी भीती असते ती आपल्याला न विचारता सगळं होईल याची. काचेच्या पट्ट्यांवरच्या तारखा त्यांच्या हातच्या असू द्या, तड्याची वही त्यांच्याकडे द्या. पन्हळ पूर्वी कुठे उतरायची, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती असायचं, पूर्वी कधी मागचा कोपरा खचला होता का, हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक आहे. इंजिनिअर येईल त्या दिवशी त्यांची खुर्ची मागच्या अंगणात टाका.

एक काम मात्र आत्ताच सुरू करा. ऑक्टोबरला लागणारा चुना आज विरवायला घाला. कळीचा (न विरवलेला) चुना ताजा, खडे असलेला आणा. भुकटी झालेला नको. परसात प्लॅस्टिक नाही, लोखंडी टाकी किंवा विटांचं टाकं घ्या. आधी पाणी भरा आणि त्यात चुना थोडाथोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच करा, मुलांना त्या दिवशी परसात येऊ देऊ नका. उकळी शांत झाली की ढवळा, जाळीतून गाळा, आणि वर कायम चार बोटं पाणी राहील असं झाकून ठेवा. दर आठ दिवसांनी झाकण उघडून पाणी बघा, उन्हाळ्यात ते लवकर उतरतं. दसऱ्यापर्यंत तो लोण्यासारखा होईल. तेव्हा काचेच्या पट्ट्यांचे फोटो आणि वहीतली मापं मला पाठवा, मग मागच्या भिंतीचं ठरवू.